फुगवलेली फाईल

बहीण कामिनीनं गायलेली भुलाबाईची गाणी सदर भागातल्या लोकगीत संग्रहालयात द्यायला यमुताई स्वतः गेल्या. सोबत भाचा विक्रम, कामिनीचाच मुलगा. मूळ कॅसेट एकोणीसशे ब्याऐंशीची, काटोलच्या घराच्या अंगणात, टिपऱ्यांच्या तालावर भरलेली. बहिणीला जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिचा गाता आवाज तेवढाच उरला होता. संग्रहाची अट एकच: आवाज थेट कॅसेटवरून घेतलेला हवा, मधे कुठे दाबून लहान केलेला चालणार नाही.

"थेट कॅसेटवरूनच घेतला," विक्रम म्हणाला. "फाईल पाहा ना, केवढी मोठी आहे!"

तिथल्या चिन्मयीनं फाईल पडद्यावर उघडली. आवाजाचं चित्रच उमटलं. "हे खाली गाणं, आजी. वर ही कॅसेटची खरखर. ती वर जाता जाता हळूहळू विरायला हवी. इथे बघा, कात्रीनं कापल्यासारखी सपाट आहे. म्हणजे फाईल आधी दाबली, मग फुगवली. फुगवली म्हणून गेलेलं परत येत नाही."

"मशीन चुकत असन," विक्रम पुटपुटला.

यमुताईंनी कानाला हेडफोन लावले. कामिनी गात होती, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पण टिपऱ्या? लहानपणी झाकलेला खिरापतीचा डबा कानाशी हलवून कामिनी फुटाणे की शेंगदाणे हे पहिल्या झटक्यात ओळखायची, आणि तिच्या खालोखाल कान यमूचा.

"टिपऱ्या पाण्यात भिजल्यासारख्या वाजून राहिल्या," त्या म्हणाल्या. "आमच्या बाभळीच्या होत्या, खणखणीत. विक्रम, कॅसेट कुठं आहे गा?"

विक्रमची मान खाली गेली. "मोबाईलमधली होती, तीच मोठी केली, मावशी. मले वाटलं, मोठी केली का मूळ होते. कॅसेट दोन वर्षांआधी टेपमध्ये अडकली. ओढली, तं तुटली."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"आईचा आवाज मीच तोडला, हे तुले कोण्या तोंडानं सांगू?"

यमुताईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. दोन वर्षं हा पोरगा एकटाच हे घेऊन बसला होता.

"फेकली काय?"

"नाही वं. अलमारीत आहे. आईच्या शालीत गुंडाळून."

"मग आणा की," चिन्मयी म्हणाली. "फीत जोडता येते. एखाददुसरा शब्द जाईल फक्त."

"तो शब्द मले येते. मी गाऊन देऊ?"

"नको, आजी. तुटलंय तिथे तुटलेलंच राहू दे. तसं लिहून ठेवू."

यमुताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "लिही, लेकानं ऐकता ऐकता तुटली."

विक्रमनं खिशातून गाडीची चावी काढली. जरीपटक्याला घरी जाऊन यायला अर्धा तास पुरे.

"जा," यमुताई म्हणाल्या, "पण हळू चालव. आता आणखी काही तोडून येऊ नको."