शनिवारी घरी आलेल्या मुठी

माझ्या बायकोच्या, भुवनेश्वरीच्या, मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण बोटं काही मिटेनात. लाटणं धरलं की निसटून ओट्याखाली जायचं. हाताला काम देत राहा, असं डॉक्टर म्हणाले. हाताला झेपेल असं काम कुठं मिळतं, ते बोलले नाहीत.

येळवस महिन्यावर आली होती. त्या अमावस्येला आम्ही दरवर्षी माकणीला तिच्या भावाच्या, बंडप्पाच्या, शेतात जेवायला जातो. भज्जी-आंबील त्यांची, पोळ्या आमच्या, ही वाटणी लग्नापासूनची. यंदा बायकोनं जाहीर केलं, "पाहुण्यासारखं बसून गिळायला मी येणार नाही. माझ्या हातानं पोळ्या झाल्या तरच येईन." बंडप्पानं समजूत घालायला फोन केला आणि पोळ्या विकत आणू म्हणाला. त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही.

बाजारातली लाटणी सगळी सडपातळ. तेव्हा जाड लाटणं आपणच कातायचं, असं मी ठरवलं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. स्वतः काही न करता बदल कसा घडवावा, यावर मी तासभर बोलू शकतो. मोबाईलवर बघितलं, तर नवशिक्याला फार थोडी हत्यारं लागतात असं प्रत्येकजण सांगत होता, आणि सांगणाऱ्याच्या मागची भिंत हत्यारांनी भरलेली होती. मी भिंतीवर विश्वास ठेवला.

उमरग्यात इरशादचं हार्डवेअरचं दुकान आहे. कॉलेजपासूनचा दोस्त. मागच्या शेडमध्ये त्याच्या चुलत्यांचा खराद आहे. त्यावर पूर्वी बाजेचे पाय कातले जायचे, आता रंगाचे डबे बसलेले असतात. मी डझनभर पटाशांचा संच मागितला. त्यानं तीन पाती पुढं ठेवली, लाकडी मुठी वेगळ्या. गोल खोबणीचं, चौकोनी लाकडाचं अंग काढायला. तिरप्या तोंडाचं, गुळगुळीत करायला. अरुंद, टोकं तोडायला. वर धार लावायचा एक दगड. बाकीच्या नऊ कशाला असतात, असं मी विचारलं.

"भिंतीला," तो म्हणाला.

मी पिशवी उघडली, तसा त्यानं पात्यांवर हात ठेवला. शनिवार होता. शनिवारी लोखंड घरी नेलं तर वहिनी त्यालाच बोल लावतील, असं त्याचं म्हणणं. मी हे मानत नाही, या विषयावर माझं व्याख्यान आहे, असं मी सांगितलं.

"व्याख्यान कॉलेजात दे. माझ्याकडं शनिवारी नुसतं प्लास्टिक खपतं, मला तुमचा कायदा तुझ्यापेक्षा पाठ हाय. पाती उद्या ने. आज मुठी ने. लाकडाला शनी लागत न्हाय. कुठली हातात बसती ते बघ."

अशा रीतीनं मी हत्यारं आणायला गेलो आणि लाकडाचे ठोकळे घेऊन आलो. ते ओट्यावर टाकून हात-पाय धुवायला गेलो. परत आलो तर सगळ्यात जाड मूठ भुवनेश्वरीच्या उजव्या हातात होती. बोटं मिटली होती. अंगठा वरून आला होता.

"अहो," ती म्हणाली, "ही निसटत नाही."

मी काहीतरी बोललो असेन. पुष्कळ दिवसांनी एखादा माणूस एसटीतून उतरावा, तसे आम्ही दोघं त्या हाताकडं बघत राहिलो. मग तिनं मूठ धुतली, कणीक घेतली आणि त्या मुठीनंच पोळी लाटली. मुठीला पोट असल्यानं पोळीच्या मधोमध बशी झाली. आम्ही ती उभ्यानंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पाती आणली. जाड मूठ कुठाय, असं इरशादनं विचारलं. ती स्वयंपाकघरात कामाला लागली, असं मी सांगितलं. तो खरादावरचे रंगाचे डबे उतरवायला लागला.

मुठीच्या जाडीचा दोरा मापाला घेतला आणि बाभळीचं लाकूड चढवलं. मी गोल पटाशी सरळ आत खुपसली. लाकूड उडून डिस्टेंपरच्या बादलीवर आदळलं. "आधी टेकव, मग कापू दे," इरशाद पलीकडून म्हणाला. कॉलेज सुटल्यावर मी रोज टेकवायला शिकत राहिलो. बरीच बाभूळ चुलीत गेली. शेवटी जे उरलं, ते एका बाजूला जरा जास्त जाड असलं तरी लाटणं होतं.

येळवसीला आम्ही माकणीला गेलो. पोळ्यांची दुरडी भुवनेश्वरीनं मला धरू दिली नाही. इरशाद त्याच्या आईला, जमिलाबींना, घेऊन आला होता. त्यांनी पोळी मोडली आणि एक कड जाड का, असं विचारलं.

"पोळी माझी, खालाजान. कड यांची," भुवनेश्वरी म्हणाली.

जमिलाबींनी तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, बोटं एकेक करून मिटवली, उघडली, परत मिटवली आणि मान हलवली. बंडप्पा खाली मान घालून तिसरी पोळी खात होता. बहिणीशी बोलायची त्याची हिंमत अजून झाली नव्हती, पण खायची झाली होती.

माझं पोट केव्हाच भरलं होतं. तेवढ्यात त्या हातानं माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मी ती जाड कडेसकट खाल्ली.