केली नाऊमने, रंगवली रोदिओनने

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. मॉस्कोतल्या एका मोठ्या घरात खिडकीखाली उभी असते. माझ्या अंगावर जिरेनियमची कुंडी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, मी कुंडी ठेवण्यासाठीच जन्माला आले. वाटू दे. लोकांना काय, काहीही वाटतं.

मला घडवलं नाऊमने. तो भाषांचा अभ्यासक. हातोडी त्याने जन्मात धरली नव्हती. त्याला आणि त्याच्या बायकोला, फायनाला, नवी खोली मिळाली तेव्हा स्वयंपाकघरात बसायला काही नव्हतं, म्हणून पुस्तकांच्या कपाटाचं खोकं मोडून त्याने मला केलं. चौथ्या पायापुरतं लाकूड उरलं नाही, म्हणून मी तिवई झाले. त्याचा जिवलग मित्र रोदिओन पोट धरून हसला. म्हणाला, "बाबा रे, तू आपल्या भाषाच जोडत बस." पण निळा रंग त्यानेच दिला, आणि मला उलटी करून माझ्या बुडाला ब्रशने लिहिलं, 'केली नाऊमने, रंगवली रोदिओनने'. माझं बारसं हे असं झालं.

त्या दोघांना एक वेड होतं. तुमची मराठी आणि त्यांची रशियन या दूरच्या चुलतबहिणी, हे विद्वानांनी कधीच मान्य केलं आहे. तुर्की भाषांचं घराणं निराळं, अरबीचं निराळं, तुमच्या शेजारच्या कानडी-तमिळचं निराळं. पण या घराण्यांच्याही मागे, माणूस लिहायला शिकण्याच्या कितीतरी आधी, सगळ्यांची मिळून एकच आई-भाषा असली पाहिजे, असं या दोघांना वाटे. ती शोधून काढायची, एकेक शब्द पारखून तिचा कोश छापायचा, एवढं एकच त्यांचं मागणं. स्वयंपाकघरात ते तिला 'म्हातारी' म्हणत.

दर रविवारी सकाळी रोदिओन यायचा. बूट काढता काढताच विचारायचा, "काय म्हणतेय म्हातारी?"

"कानात बोळे घालून बसलीय," नाऊम आतून ओरडायचा.

मग रोदिओन माझ्यावर बसायचा. ती जागा त्याचीच. फायना उकडलेले बटाटे, खारवलेला मासा आणि काळा पाव मांडायची, आणि ताटांच्या मधूनमधून हे दोघं कार्डं मांडायचे. एकेका कार्डावर एकेक शब्द, त्याखाली निरनिराळ्या घराण्यांतली त्याची रूपं, सगळं नाऊमच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. बुटांची रिकामी खोकी त्या कार्डांनी भरत गेली. रोदिओन उतावळा, नाऊम चेंगट. चार भाषांत शब्द सारखा दिसला की रोदिओन उडी मारायचा, आणि नाऊम आपला पेला वर धरायचा. म्हणायचा, "याला आपण चहा म्हणतो, तुर्क चहा म्हणतात, हिंदुस्थानातही चहाच म्हणतात. म्हणजे काय म्हातारी चहा प्यायची? अरे, हा शब्द बाजारातून आलाय, आईच्या पोटातून नाही." रोदिओन मुकाट्याने ते कार्ड फाडून टाकायचा.

दोघं ज्या भाषासंस्थेत नोकरीला होते, तिथले बडे लोक त्यांची टिंगल करत. जिला कुणी पाहिलं नाही, जिचा आवाज कुणी ऐकला नाही, तिचे दागिने कसले मोजताय, असं विचारत. खरं सांगू? म्हातारी कधी होती की नाही, हे मलाही माहीत नाही. पण त्या रविवारांइतकं सुख मी पुन्हा पाहिलं नाही.

मग दिवस फिरले. फायनाची आई इस्रायलमध्ये, हैफाला गेली होती, एकटी होती, आजारी होती. नाऊमने देश सोडण्याचा अर्ज केला. झालं, तेव्हाच्या सोव्हिएत राज्यात देश सोडणं म्हणजे द्रोहच, एका रात्रीत तो गद्दार ठरला. नोकरी गेली. जिन्यात भेटणारे शेजारी भिंतीकडे बघून जाऊ लागले. संस्थेत त्याला समोर बसवून त्याचा निषेध करायला सभा भरली आणि सगळ्यांनी हात वर केले. रोदिओनने सुद्धा.

त्या रविवारी तो आला, पण बसला नाही. म्हणाला, "हात वर केला मी."

"पाहिलं," नाऊम म्हणाला. "बरं केलंस. तुझी नोकरी टिकली तर कार्डं टिकतील. बस."

कागदाचा कपटासुद्धा परवानगीशिवाय सीमेपार नेऊ देत नसत. खोकी इथेच ठेवावी लागणार होती. निघायच्या सकाळी बोचकी बांधून झाली आणि सगळे रीतीप्रमाणे बसले. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना जाणारे आणि राहणारे, सगळे क्षणभर गप्प बसतात, मगच पाऊल उचलतात. रोदिओन माझ्यावर बसला. मग नाऊम उठला आणि म्हणाला, "म्हातारी तुझ्या ओटीत टाकून जातोय. छापशील तेव्हा दोघांची नावं."

"हे सांगायला लागतं होय रे?" रोदिओन म्हणाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. खोट्या धारा मला कळतात, त्या खोट्या नव्हत्या.

खोक्यांबरोबर मीही रोदिओनच्या घरी आले. काही वर्षांनी कोश छापून झाला. वर एकच नाव. देश सोडलेल्या माणसाचं नाव तेव्हा छापू देत नसत, हे खरंच होतं. रोदिओन त्या दिवशी जेवला नाही. बायको झिनाइदा समजूत घालायला आली तर म्हणाला, "चोरासारखं वाटतंय गं." मी त्याला माफ केलं. त्याचं वजन रोज माझ्यावर पडायचं, मी नाही तर कोण करणार?

पुढे मानमरातब आले. परदेशी पाहुणे आले, मोठं घर आलं, गुबगुबीत खुर्च्या आल्या. मला आधी दाराशी नेलं, मग खिडकीखाली. कुंडीतलं पाणी झिरपून माझा निळा रंग पोपडे धरू लागला. विद्यार्थी विचारायचे, सर, या कार्डांवरचं अक्षर तुमचं वाटत नाही. पहिल्यांदा तो गडबडला. दुसऱ्यांदा म्हणाला, तरुणपणी माझं अक्षर असं होतं. नंतर नंतर तर कुणी न विचारताच सांगायचा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं तुमच्यात म्हणतात ना? ते मी डोळ्यांनी पाहिलं.

पुन्हा दिवस फिरले. जुनं सरकार गेलं, वाटेल ते छापता येऊ लागलं. कोशाची नवी जाडजूड आवृत्ती निघाली, नव्या प्रस्तावनेसह. वर नाव एकच.

आणि गेल्या वसंतात नाऊम आला. पार वाकलेला, हातात काठी. फायना हैफालाच वारली होती. झिनाइदाने मुद्दाम बटाटे आणि खारवलेला मासा केला होता. नाऊमने खोलीभर नजर फिरवली, मला ओळखलं, कुंडी उचलून जमिनीवर ठेवली आणि माझ्यावर बसला. किती वर्षांनी मला माणसाची ऊब लागली. मला रडू आलं, पण लाकडाचं रडणं कुणाला दिसतं?

खाणं झाल्यावर त्याने नवी आवृत्ती मांडीवर घेतली. पहिलं पान पाहिलं, प्रस्तावना शेवटपर्यंत वाचली, पुस्तक मिटलं.

"तेव्हा छापू देत नसत," रोदिओन घाईने म्हणाला.

"ठाऊक आहे. आता देतात ना?"

रोदिओन ताटं गोळा करू लागला. मग म्हणाला, "आता नाव घातलं तर लोक विचारतील, इतकी वर्षं का नाही घातलं."

"हो," नाऊम म्हणाला. "मीही तेच विचारतोय."

ज्यांनी अख्ख्या जगाला एका आईची लेकरं ठरवायचा पण केला होता, त्यांना एकमेकांना सांगायला शब्द उरला नव्हता. नाऊमने कोट चढवला. रोदिओन दाराशी आडवा आला. "लांब जायचंय तुला. क्षणभर बस ना, नाऊम."

नाऊम माघारी आला. वाकून त्याने कुंडी उचलली आणि हलक्या हाताने परत माझ्यावर ठेवली. म्हणाला, "बसायला जागाच नाही रे."

आणि तो गेला.

मित्रांनो, माझा एक पाय आता डुगडुगतो आहे. झिनाइदा नवं स्टँड आणणार आहे, मग माझी रवानगी कचऱ्यात. तक्रार नाही, लाकडाचं हे व्हायचंच. फक्त एवढं करा. मला फेकण्याआधी कुणीतरी एकदा उलटी करून बघा. खाली दोघांची नावं आहेत.