एकेचाळीस बाळंतपणं

"घराचा इतिहास? कशाला हवाय, बाई? विकायचंय का?" नगरपालिकेच्या दप्तरातल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"नाही हो. राहते मी तिथं. एकटीच."

तीस वर्षं टायपिस्ट म्हणून तिने इतरांची पत्रं टाइप केली. आता तिच्या नावाने विजेच्या बिलाखेरीज काही येत नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात आतल्या खोलीतल्या भिंतीचा पोपडा पडला, खाली निळा रंग निघाला, त्याखाली हिरवा. आपल्याआधी इथे कोण राहिलं असेल, या विचाराने तिचा पिच्छाच पुरवला.

तीन आठवडे हेलपाटे घातल्यावर कारकून विरघळला. जन्मनोंदींचं बाड त्याने स्वतः तिच्यापुढे आणून ठेवलं. "बघा, तुमच्या घरात सुईण राहायची. एकेचाळीस बाळंतपणं झालीत तिथं!"

एका नोंदीपुढे शेरा होता: मुलगा सुखरूप, आई दगावली.

मुलाचं नाव वाचून कारकून चमकला. "अहो, हे तर आमचे घड्याळवाले आजोबा! मागच्या गल्लीत दुकान आहे त्यांचं."

दुकानात घड्याळवाल्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. डोळ्यावरचं भिंग काढायचंही त्याला सुचलं नाही.

"काकू म्हणायची, आई दवाखान्यात वारली. कुठल्या, ते काही कुणी सांगितलं नाही. पुढं पुढं मीही विचारायचं सोडलं."

"येता का बघायला? खोली तशीच आहे."

ऐंशीच्या घरातला तो माणूस भरदुपारी दुकानाला कुलूप लावून निघाला.

घराला आतली खोली एकच होती. तिने घाईघाईने पलंगावरचा कपड्यांचा ढीग उचलला. किती दिवसांत या खोलीत दुसरं माणूस आलं नव्हतं!

उंबऱ्याबाहेर चपला काढून तो आत आला. भिंतीला हात लावून उभा राहिला.

"फोटोसुद्धा नाही हो तिचा," तो म्हणाला. "जरा बसू इथं?"

"बसा की. सावकाश बसा."

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. बऱ्याच वेळाने आत म्हातारा कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागला. ती उठली, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि शब्द ऐकू येणार नाहीत इतकी लांब, फाटकापाशी जाऊन उभी राहिली.