कोटाच्या आतला मिशमिश

दीमा माझ्या काकांची मुलगी. वडिलांनी मला दक्षिणेतल्या आमच्या करकहून इतक्या लांब, उत्तरेला इर्बिदला शिकायला पाठवलं ते केवळ ती सोबत आहे म्हणून. बसमध्ये बसवताना त्यांनी बजावलं होतं, "तिथं काही बिनसल्याचं कानावर आलं, तर सामान बांधायचं आणि सरळ घरी." म्हणून दीमानं खोलीत अजगर आणला तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

आफ्रिकेतल्या छोट्या जातीचा होता तो. जाड, आखूड, पाठीवर जर्दाळूच्या रंगाचे डाग. त्यावरूनच नाव मिशमिश, म्हणजे जर्दाळू. आम्हा दोघींत एकच खोली, त्यामुळे त्याची काचेची पेटी माझ्या पलंगाच्या पायथ्याशी आली. आमच्याकडे शेतात साप दिसला की माणसं फावडं उचलतात. मी पाय पोटाशी घेऊन झोपायला शिकले.

पहिले काही आठवडे दीमा त्याला गळ्यात घालून व्हिडिओ काढायची. हजारो लोक बघायचे. मग हळूहळू बघणारे आटले आणि दीमाचंही लक्ष उडालं. हिवाळा सुरू झाला तसा पेटीवरचा उबेचा दिवा गेला.

"दीमा, दिवा गेलाय."

"आणते उद्या."

तो उद्या आलाच नाही. पाण्याचं भांडं सुकून त्यात पांढरी पुटं धरली. मिशमिश कात टाकायला लागला, पण ती पूर्ण निघेना. फाटक्या मोज्यासारखी अंगावर लोंबत राहिली. डोळ्यांवर दुधी पापुद्रा तसाच राहिला. अभ्यासाला बसले की तो समोर असायचा. वहीतून मान वर काढली की तेच दिसायचं.

एकदा मी भांड्यात पाणी ओतताना दीमानं पाहिलं.

"कोणी सांगितलं तुला? माझा आहे तो."

"तुझा आहे तर बघ ना त्याच्याकडे. गारठून मरेल तो."

"एवढा कळवळा आहे तर तुझ्या वडिलांना फोन लाव," ती नखं रंगवता रंगवता म्हणाली. "सांग त्यांना, आम्ही खोलीत साप पाळलाय. संध्याकाळच्या आत तू करकमध्ये असशील. औषधशास्त्र वगैरे विसर, आईबरोबर द्राक्षाच्या पानांत भात भरत बस."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. खाली राहणाऱ्या घरमालकीण उम् निदाल यांना कळलं असतं तरी तेच झालं असतं. ज्याला सांगावं तो मला घरी धाडणार, अशी गत होती. मी गॅसची शेगडी पेटीजवळ सरकवायची, दीमा आली की परत तिच्या पलंगाकडे ओढायची. फ्रीझरमध्ये मुलुखियाच्या पालेभाजीमागे त्याचे गोठलेले उंदीर होते. ओठ घट्ट मिटून मी एक गरम पाण्यात ठेवला, चिमट्यानं पुढे धरला. त्यानं मान फिरवली.

सत्र संपायच्या सुमारास दीमा मैत्रिणींबरोबर अकाबाला समुद्रावर गेली. घरी सांगितलं, अभ्यास करतोय. "फोन आला तर म्हण, आंघोळीला गेलीय," मला एवढं सांगून गेली. म्हणजे तिचं खोटंही माझ्याच गळ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. मिशमिश मान उंच करून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. मी दीमाला फोन केला. मागं गाणी चालली होती.

"मेला तर मेला, रुबा. दुसरा आणू."

मी फोन ठेवला. मग भांडी घासायचे हातमोजे चढवले, पेटीचं झाकण उघडलं आणि त्याला उचललं. थंडगार लागला, ओल्या दोरखंडासारखा. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं. तो अभ्रा मफलरनं पोटाशी आवळला आणि वरून लांब कोट घातला.

जिन्यात उम् निदाल मसूर निवडत बसल्या होत्या.

"अगं, कुठं निघालीस या थंडीत? ये, चहा घे."

"नको मावशी, घाई आहे."

"घाई कसली? चेहरा बघ कसा पांढरा पडलाय. पोट दुखतंय ना? धरून ठेवलंयस तेव्हाच ओळखलं मी." त्यांनी हाताला धरून आत नेलं आणि थेट शेगडीपुढं बसवलं. "मरमियाची पानं घालून देते. अर्धा कप पी, मग जा."

मी कप घेतला. ऊब कोटातून आत गेली आणि अभ्र्यात हालचाल झाली. आधी थोडी, मग माझ्या बरगड्यांवरून एक जाड वळसा सावकाश सरकला. मी दुसऱ्या हातानं कोट दाबून धरला.

"वर मांजर पाळलंय का गं तुम्ही?" उम् निदाल म्हणाल्या. "वास येतो कसला तरी. मांजर असेल तर मी घरात ठेवणार नाही, आधीच सांगते."

"मांजर नाही मावशी. देवाशप्पथ."

"तुझ्यावर विश्वास आहे माझा. ती दुसरी जरा उंडगी आहे. तू लक्ष ठेवत जा तिच्यावर."

चहानं जीभ पोळली, तरी मी एका दमात संपवला.

विद्यापीठाच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हनीन यांनी अभ्रा उघडला तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. फुप्फुसाला सूज होती. डोळ्यांवरचा पापुद्रा त्यांनी ओल्या बोळ्यानं किती तरी वेळ भिजवला. एक डोळा मोकळा झाला, दुसरा गेलेला होता.

"कोणाचा आहे?"

"माझा," मी म्हणाले. "पण मला परत नकोय."

त्यांनी रिकामा अभ्रा घडी करून माझ्या हातात दिला. महिन्याभरानं मी फोन केला तेव्हा कळलं, तो जगला. विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवून घेतलाय.

अकाबाहून आल्यावर दीमाला पेटी रिकामी असल्याचं कळायलाही बरेच दिवस लागले. ती पेटीवर कपडे टाकायची. एकदा मैत्रिणीला दाखवायला झाकण काढलं तेव्हा किंचाळली. मी सगळं सांगितलं.

"चोर आहेस तू," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता तुझ्या वडिलांना सांगते."

"सांग. मीही अकाबाचं सांगते."

तिनं हातातला फोन पलंगावर टाकला. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोलणं सोडलं. खोली सोडायची तर घरी कारण द्यावं लागणार, आणि कारण सांगायची दोघींनाही सोय नव्हती. अजून अडीच वर्षं शिक्षण बाकी होतं. वडिलांचा फोन आला की दीमा माझ्याजवळ सरकून बसायची, मी फोन दोघींच्या मध्ये धरायची, आणि आम्ही दोघी हसून सांगायचो की इथं सगळं छान चाललंय.