गाण्याआधीची शीळ

...आणि त्या काळ्या प्लॅस्टिकच्या बटणावरची पांढरी रेघ नेमकी कुठे होती, हे आता बोटाच्या टोकालाही लागत नव्हतं. त्याने नखाने चाचपून पाहिलं. एके काळी या रेघेवरून कळायचं, बटण कुठवर फिरवलंय ते. आता ते सगळीकडून सारखंच होतं – गुळगुळीत, गोल, काही एक न सांगणारं. सूर घडवणाऱ्या त्या जुन्या यंत्रावर, सिंथेसायझरवर, अशा बटणांच्या दोन ओळी होत्या, आणि बहुतेकांची तीच गत. जुनी चादर पसरून त्याने ते धूड जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. सकाळपासून चालू होतं. तापायला वेळ लागतो त्याला. आता जेवायचं कुठे, असं बायकोने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा तो बटणंच चाचपत राहिला होता.

"तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं," ती शेवटी म्हणाली. हसतच म्हणाली. पण ते त्याला लागलं.

कारण उलटं होतं. ऐकू यायला हवं होतं, नेमकं तेच येत नव्हतं.

दुपारी चारला रेडिओवाली बाई येणार होती. एका भागात एका गाजलेल्या गाण्याचा इतिहास, असा तिचा कार्यक्रम. फोनवर ती फार अदबीने बोलली होती. बहीणभाऊ दोघांशी बोलू, गाणं कसं जन्मलं ते ऐकू, आणि मग ती सुरुवातीची शीळ तुम्ही माझ्यासमोर करून दाखवा, माझ्या आईच्या अंगावर काटा यायचा तिने. तो हो म्हणाला. का म्हणाला? नाही म्हणायला जी हिंमत लागते ती त्याच्यात कधीच नव्हती... आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी इतक्या वर्षांनी विचारतंय याचा थोडा आनंदही झाला होता. थोडाच. मग त्या आनंदाच्या मागोमाग भीती आली, आणि आली ती हलेचना.

ती शीळ. ढोल सुरू व्हायच्या आधी, दाराच्या फटीतून वारा यावा तसा एक बारीक स्वर वर चढत जातो, आणि तो विरायच्या आत धाकटीचा, त्याच्या बहिणीचा, आवाज येतो. बस, एवढंच. पण लोक तेवढ्यावर गाणं ओळखायचे. आणि ज्याने ती या यंत्रावर जमवली त्याला ती दोन-एक वर्षं ऐकूच आलेली नव्हती. रेकॉर्ड लावली की त्याच्यासाठी आधी नुसती शांतता असे, आणि मग काही नसल्यातून ढोल अंगावर येत. कान तपासणाऱ्या मुलीने कागदावरची रेघ दाखवली होती. कड्यावरून दगड सुटावा तशी ती एका ठिकाणी खाली कोसळली होती. वरचे सूर गेलेत आजोबा, या वयात व्हायचंच, बोलणं येतंय ना ऐकू, मग झालं. मग झालं! तो मान हलवून घरी आला आणि कुणाला काही बोलला नाही.

बटणं कुठवर फिरवायची याच्या खुणा करून ठेवायची पद्धत होती. त्या काळच्या यंत्रांना स्मरणशक्ती नसायची. आज जमवलेला आवाज उद्या पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागे. शहाणी माणसं प्रत्येक बटणाजवळ चिकटपट्टीचे तुकडे लावत. धाकटी किती वेळा म्हणाली, दादा, पट्ट्या लाव. आणि तो – सगळ्या जगाला भिणारा, दुकानात सुटे मागायला लाजणारा – एवढ्या एकाच बाबतीत त्याला मिजास होती. पट्ट्या कशाला, कान आहेत की. कान आहेत की... अहंकार माणसाला एकाच ठिकाणी असतो आणि घाव नेमका तिथेच बसतो, असं त्याने कुठेसं वाचलं होतं. की वाचलं नव्हतं, आत्ताच सुचलं? त्याला काहीच खात्रीने सांगता येईना.

स्पीकरची वायर पुरेना म्हणून तो कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात गेला. तिथला दुकानदार भला माणूस. तो आला की त्याच्या मानासाठी फोनवर ते गाणं लावायचा. आजही लावलं. त्याने नेहमीप्रमाणे दुकानदाराच्या भुवयांकडे पाहिलं. त्या वर गेल्या की समजायचं, शीळ सुरू झाली. मग आपणही हलकेच मान डोलवायची. आपणच रांधलेल्या पंगतीत बसून शेजारच्याच्या तोंडाकडे बघत चव ठरवावी, तशातला प्रकार. "काय चीज केलीत हो काका," दुकानदार म्हणाला. तो ओशाळून हसला, वायर घेतली आणि निघाला. 

घरी धाकटी आली होती. केसांना रंग, गळ्यात ठसठशीत मण्यांची माळ, आणि वहिनीला हसवून हसवून बेजार केलेलं. गाणं गाजलं तेव्हा सगळे मला तोंड उघड म्हणायचे, मग दातांच्या दवाखान्यात लागले आणि लोकांना तोंड उघडा म्हणण्यात जन्म गेला, हा तिचा जुना विनोद. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "दादा, तू परीक्षेला बसल्यासारखा का दिसतोयस?"

सांगावं का हिला? – सांगितलं तर ती सांभाळून घेईल, नेहमीच घेते. पण मग ते खरं होईल. अजून ते फक्त त्या कागदावर होतं.

रेडिओवाली वेळेवर आली. तरुण, काटकुळी, पायातले जोडे दाराशीच काढून मांजरासारखी वावरणारी. तिने माइक मांडला आणि धाकटीला बोलतं केलं. धाकटी रेकॉर्डिंगची ती सकाळ रंगवून सांगू लागली. स्टुडिओत दुपारी साबणाची जाहिरात व्हायची होती, रेकॉर्डिंग करणारा घाई करत होता, यंत्र थंडीतून नुकतंच आत आणलेलं. तापेपर्यंत थांबायला हवं होतं, थांबलो नाही. आणि यंत्र जसजसं तापलं तसतसा त्याचा सूर वर सरकत गेला, गाणं चालू असतानाच, केसाएवढा, केसाएवढा... "मी आपली त्याच्या मागे धावतेय. शेवटच्या ओळीला माझा जीव कंठाशी आला होता. लोकांना वाटलं विरह."

रेडिओवाली हसली. तोही हसला. हे सगळं खरं होतं. त्या चुकीमुळेच गाणं चाललं. पुढचं गाणं त्यांनी यंत्र नीट तापवून, सुरात केलं, आणि त्याला कुत्रं विचारेना. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. एकदा तो लिफ्टच्या वर अंधारात बसलेला असताना आतल्या माणसांसाठी लावलेलं तेच गाणं खालून वर येत राहिलं होतं – त्या वेळी शीळही यायची, स्वच्छ, पार हाडांपर्यंत...

"आता ती शीळ," रेडिओवाली म्हणाली.

त्याने हात बटणांवर ठेवले. हाताला आठवतं म्हणतात. हे थोडं डावीकडे, हे जवळजवळ शेवटपर्यंत, हे – हे कुठवर? त्याने सुराची पट्टी दाबली. काही नाही. खोलीतली शांतता तशीच. पण रेडिओवालीच्या यंत्रावरचा काटा थरथरला. म्हणजे काहीतरी होतं, टेबलावर, त्याच्या आणि त्यांच्या मधोमध, काहीतरी उभं होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं. त्याने बटण फिरवलं. काटा हलला. बरोबर दिशेने? मी काय करतोय हे? भलताच कर्कश आवाज निघत असेल आणि ही माणसं भिडेखातर गप्प बसली असतील तर?  त्याने मान वर करून धाकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा सांगेल. तिला फसवता येत नाही, ती शीळ म्हणजे तिच्या गाण्याचा उंबरठा.

धाकटी त्याच्याकडेच पाहत होती.

डोळे सताड उघडे, त्याच्या तोंडावर रोखलेले. ओठ गायला तयार. ती गाताना कधी डोळे उघडत नसे. शीळ सुरू झाली की पापण्या मिटायच्या आणि नेमक्या जागी आवाज उठायचा, कुणी खूण करायची गरज नव्हती. आता ती खुणेची वाट पाहत होती. त्याने, कळत नकळत, मान हलवली – आणि लगेच ती गाऊ लागली. वय झालेला, खरखरीत, पण तोच आवाज. दोन ओळी गाऊन ती थांबली आणि म्हणाली, "हीच. अगदी हीच."

फार चटकन म्हणाली.

दातांचा दवाखाना. खुर्चीशेजारचं ते किरकिरणारं यंत्र, सकाळ-संध्याकाळ, इतकी वर्षं, तिच्या कानाशी... तो तिच्याकडे पाहत राहिला. तिने नजर माळेच्या मण्यांकडे वळवली.

"मला जरा वेगळी वाटतेय," रेडिओवाली हळूच म्हणाली. "पण मी ती फोनवरच ऐकलीय. तुम्हीच सांगा. बरोबर आहे ना?"

धाकटी मणी फिरवत राहिली. स्वयंपाकघरात बायकोने भांडं ठेवलं, त्याचा आवाज ठणठणीत आला. त्याचं बोट अजून पट्टीवरच होतं. सकाळपासूनची भीती, आपण पकडले जाऊ ही, कुठे गेली ते कळेना. तिच्या जागी दुसरंच काही, गार, खूप मोठं, आत पसरत होतं. या खोलीत ती शीळ कशी होती हे माहीत असणारे दोघेच, आणि ऐकू शकणारी तिसरीच. बोट उचललं तर ती थांबेल. थांबली हे आपल्याला कळणार नाही. त्याला त्या रेडिओवालीला विचारावंसं वाटलं, अगदी लहान मुलासारखं, की कशी आहे गं ती, सांग ना, बारीक आहे का, थरथरते का. पण तिने डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या हातावर, कोपराशी, बारीक काटा उभा राहिला होता – त्या शिळेने, की चुकीच्या शिळेने, की नुसत्या उघड्या खिडकीमुळे... बोट तसंच दाबून धरून तो तिच्या हाताकडे पाहत राहिला.