मेट्रनबाईंची खोली

नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात प्रिस्किला आणि जोसेफचं नवं घर उभं राहिलं. स्लॅब झाला, फरशी बसली, आणि पुढची खोली कशी सजवायची यावरून नवराबायकोचं बिनसलं.

जोसेफ एसटीत चालक. त्याच्या सुरतच्या फेऱ्या असायच्या. तिकडच्या एका ओळखीच्या घरी त्यानं हॉल पाहिला होता. छताला पीओपीची नक्षी, नक्षीच्या आड निळे-गुलाबी दिवे, बसलं की माणूस निम्मा आत जाईल असा सोफा. ते त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"एकदाच घर बांधतोय आपण," तो म्हणाला. "आलेला पाहुणा बघतच राहिला पाहिजे."

"मला मेट्रनबाईंच्या खोलीसारखी खोली पाहिजे," प्रिस्किला म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या खोलीबद्दल जोसेफ पहिल्यांदाच ऐकत होता.

प्रिस्किलाची आई रिबेका तरुणपणी मिशनच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंकडे घरकामाला होती. मेट्रनबाई नगरकडच्या, एकट्या. शाळा सुटली की प्रिस्किला तिथं जायची आणि आईचं काम आटपेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. पाय धुळीनं माखलेले असायचे, म्हणून आई आत येऊ द्यायची नाही. तिथून तिला खोली दिसायची: चुन्याच्या पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, वेताच्या चार खुर्च्या, त्यांच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल, आणि पितळी तांब्यात खोचलेली बोगनवेल. दुपार कलली की खिडकीतून ऊन यायचं आणि वेताच्या जाळीची सावली फरशीवर पडायची. गृहपाठाची पाटी मांडीवर तशीच राहायची, पोर सावलीकडे बघत बसायची. घरी कुडाच्या भिंती होत्या, चुलीचा धूर होता, कोंबड्या होत्या. तेही तिला आवडायचं. पण मोठी झाल्यावर आपलं घर कसं असावं म्हटलं, की तिच्या डोळ्यांपुढे ती खोलीच यायची.

जोसेफ दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं बाई. तुझी खोली, तुझा हट्ट." पण मनापासून कामाला लागला तोच. सुरतच्या वाटेवर, व्यारा गावात जुनं फर्निचर विकणाऱ्याकडे त्याला वेताच्या चार खुर्च्या सापडल्या. त्या एसटीच्या टपावर बांधून त्यानं आणल्या. एकीची वीण सुटली होती, ती गावातल्या रूपचंदनं नव्यानं विणून दिली. खिडक्यांच्या निळ्यासाठी प्रिस्किलानं रंगवाल्याचा जीव खाल्ला. "हा नको, हा फार चमकतो. थोडा विटका, पावसाळ्यातल्या आभाळासारखा." रुमाल तिनं उन्हाळाभर बसून स्वतः विणले.

घराच्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी तिनं भावाकडून आईला आणवलं. रिबेका आता थकली होती, पण काठी टेकत स्वतःच आत आली. खोलीच्या मधोमध थांबली आणि सगळीकडे नजर फिरवली.

"ओळखलंस?" प्रिस्किलानं विचारलं.

"न ओळखायला काय झालं? असल्या खुर्च्यांतले ढेकूण रॉकेल घालून मारलेत मी." रिबेका खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "पण बाईंना ती खोली आवडायची नाही."

"काय सांगतेस?"

"मिशनचे मोठे साहेब आले तरच तिथं बसायच्या. नाहीतर स्वयंपाकघरात, माझ्याजवळ पाटावर. म्हणायच्या, रिबेका, त्या खोलीत मला एकटं वाटतं. स्वयंपाकघरातच जेवायच्या, तिथंच आपल्या आईची आठवण काढायच्या."

प्रिस्किलानं इतकी वर्षं मनात जपलेली ती खोली, आणि तिची मालकीणच आत रमत नव्हती!

"मग मला आत का येऊ दिलं नाहीस कधी? बाईंची मनाई होती?"

"छे गं! त्या तर म्हणायच्या, पोरीला आत बोलव. पण फरशी मला पुसायला लागायची ना!"

जोसेफला हसू फुटलं. प्रिस्किलाही हसली, पण तिचे डोळे भरून आले. तिनं आईचा हात धरून तिला खुर्चीजवळ नेलं. रिबेका आधी नुसती कडेवर टेकली. असल्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती, फक्त झटकली होती. मग हळूहळू मागं रेलली, हात दोन्ही बाजूंना ठेवले.

"बरी आहे गं," ती म्हणाली. "पाठीला वारा लागतो."

प्रिस्किला तिच्या पायाशी फरशीवर बसली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मेट्रनबाईंच्या आईबद्दल, त्यांच्या नगरच्या घराबद्दल आई सांगत राहिली, आणि ही ऐकत राहिली. ह्यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. उंबऱ्यावरून ते ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला गाव लोटला. वेताच्या खुर्च्या सगळ्यांना कुठून पुरणार? जोसेफनं तीन खुर्च्या उचलून ओट्यावर नेल्या आणि खोलीभर चटया अंथरल्या. चौथीला हात लावला, तर रिबेकानं काठी आपटली.

"ही राहू दे."

माणसं मांडीला मांडी लावून बसली, आणि मावची बोलीत गाणं सुरू झालं. कुणाच्या तरी लेकरानं नव्या फरशीवर चहा सांडला. प्रिस्किला फडकं घ्यायला उठू लागली, तेवढ्यात चौथ्या खुर्चीत बसलेल्या रिबेकानं वरूनच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे, बस. गाणं संपू दे आधी."