मेंढरांचा सत्कार

आमच्या सोसायटीचं नाव 'निर्झर हाइट्स'. ती आहे खोलगटात. भरे गावाच्या अलीकडे, डोंगरावरून उतरणारा ओढा जिथं सपाटीला लागतो, नेमकी तिथं. बिल्डरनं ओढ्याचा निर्झर केला, खळग्याच्या हाइट्स केल्या आणि आमच्या हद्दीतला ओढा मातीनं बुजवून त्यावर हिरवंगार लॉन केलं. ते लॉन बघून आम्ही फ्लॅट घेतले, त्यामुळे एकट्या बिल्डरला बोल लावण्यात अर्थ नाही.

मी मूळचा लातूरकडचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. आमच्याकडे टँकरचा हॉर्न ऐकून माणसं ताटावरून उठतात. अशा माणसाला ओढ्याकाठी घर मिळतंय म्हटल्यावर दुसरं काही दिसेचना. मे महिना होता, ओढा कोरडा ठणठणीत होता, तरी मी बायकोला, रजनीला, मोठ्या ऐटीत म्हणालो होतो की बघ, एक दिवस पाणी आपल्या दाराशी येईल. आणि तळमजल्याचा फ्लॅट घेतला. त्या एका वाक्यावरून मी पुढे किती ऐकून घेतलं ते विचारू नका.

सोसायटीच्या वरच्या अंगाला गायरान आहे. तिथं बिरू आणि त्याची आई भागूबाई मेंढरं घेऊन राहत. दोरीच्या जाळ्याचं कुंपण, त्याला ते वाघर म्हणतात, त्यात रात्री मेंढरं कोंडायची आणि दिवसा डोंगराला न्यायची. चार शेळ्याही होत्या. या शेळ्या ओढ्याच्या वाटेनं सरळ आमच्या बागेत उतरत आणि चेअरमन जनार्दनरावांचा मोगरा खाऊन जात. जनार्दनराव सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. त्यांना रेघेबाहेर गेलेलं काहीच खपत नसे, मग ती शेळी का असेना. सभा भरली आणि ओढ्यावर आडवी भिंत घालायचं ठरलं. पाण्यासाठी खाली दोन पाइप ठेवले. आठवड्याभरात एका पाइपातून एक करडू आलं आणि उरलेला मोगरा खाऊन गेलं. पुन्हा सभा. तेव्हा मीच उठून सुचवलं की पाइपांना जाळी बसवा. टाळ्या पडल्या. इतिवृत्तात माझं नाव लिहिलं गेलं आणि मी ते दोनदा वाचलं.

त्याच सभेला बिरू दारात येऊन उभा राहिला होता. वढ्याची वाट अडवू नका, एवढंच सांगून तो गेला. इतिवृत्तात लिहिलं, 'एका ग्रामस्थाने सूचना केली. सभेने नोंद घेतली.' नोंद घेतली की पुढे काही करावं लागत नाही, ही सभेची मोठी सोय असते.

दोन हजार सहाच्या जुलैत, रविवारी भर दुपारी, भिंतीचा मधला तुकडा पडला. रजनी, आमची लेक जुईली आणि मी जेवत होतो. दाराखालून पाणी आलं, मग दारच उघडलं. रजनीनं हौसेनं घेतलेला मरून रंगाचा सोफा हॉलमधून निघून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबला. गॅसचा सिलिंडर तरंगत बाहेर आला. मी खुर्चीवर उभा राहून बघत होतो आणि खरं सांगतो, एवढं पाणी फुकट वाहून चाललंय याचंच मला आधी वाईट वाटलं. लातूरकर जातो कुठे.

संध्याकाळी चिखल काढता काढता रजनी अगदी शांतपणे म्हणाली, "पुन्हा एकदा पाणी उंबऱ्याच्या आत आलं, तर मी जुईलीला घेऊन लातूरला जाईन. तुम्ही बसा पाण्याकाठी."

ती ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. पण तिनं माळ्यावरची मोठी सुटकेस खाली काढून पलंगाखाली ठेवली आणि सोफ्याच्या चार पायांखाली चार-चार विटा लावल्या. त्या सोफ्यावर बसलं की पाय जमिनीला लागत नसत. पाहुणे शाळेतल्या पोरांसारखे पाय हलवत चहा पीत.

सोसायटीनं या अनुभवावरून धडा घेतला आणि भिंत दोन फूट वाढवली. या वेळी काँक्रीटची. जाळी होती तीच पुन्हा बसवली.

आता शैलेश. दुसऱ्या मजल्यावरचा, अमरावतीचा, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करणारा हुशार मुलगा. त्याच्या लक्षात आलं की पूर आला त्या दिवशी बिरूची मेंढरं तासभर आधीच टेकाडावर चढली होती. जनावरांना आधी कळतं, असं त्यानं सभेत सांगितलं. तक्ता केला. बाल्कनीतून मेंढरांवर नजर ठेवायच्या पाळ्या लावल्या. मेंढरं चढली की सगळ्यांना एसएमएस जायचा, 'कळप वर', आणि बेचाळीस गाड्या रस्त्यावर देवळापाशी नेऊन लावायच्या.

पुढच्या पावसाळ्यात मेंढरं तीनदा चढली आणि तिन्ही वेळा तासाभरात पाणी भिंतीवरून आत आलं. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या खेपेला पाणी पहिल्या पायरीला लागलं, दुसऱ्या खेपेला दुसऱ्या. वर शैलेश तक्ता दाखवून शंभर टक्के अचूक म्हणून नाचत होता आणि खाली मी पायऱ्या मोजत होतो. तिसऱ्या खेपेला पाणी तिसऱ्या पायरीवर चढून उंबऱ्याखाली दोन बोटं थांबलं. रजनीनं जुईलीचा शाळेचा दाखला कपाटातून काढून सुटकेसमध्ये ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली की भागूबाई मेंढरं घेऊन पलीकडच्या माळावर कायमच्या चालल्या.

सोसायटीत हाहाकार उडाला. मेंढरं गेली तर पूर कळणार कसा? तातडीची सभा झाली. कुणी म्हणालं, विनंतीपत्र द्या. जनार्दनराव म्हणाले की पत्रानं भागणार नाही, जाहीर सत्कार करा. सत्कार केला की माणूस अडकतो, असा त्यांचा आयुष्याचा अनुभव होता. मग शाल कुणाला द्यायची यावर पाऊण तास चर्चा झाली. शैलेशचं म्हणणं, मान कळपाचा आहे, तेव्हा शाल पुढच्या एडक्यावर घाला. शेवटी शाल भागूबाईंना, नारळ बिरूला आणि एडक्याला हार असं एकमतानं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. आम्ही पंचवीसएक जण छत्र्या घेऊन गायरानात गेलो. घोट्याएवढा चिखल, त्यात वाघरीच्या खुंट्या उपटून ठेवलेल्या. भागूबाई भांडी पोत्यात भरत होत्या. जनार्दनरावांनी भाषण केलं. निसर्गाची भाषा, मुक्या प्राण्यांचे उपकार असं बरंच बोलले. तेवढ्यात एडक्यानं हार खायला घेतला. अंगावर जाडजूड घोंगडी असलेल्या बाईला पातळ शाल पांघरून झाली, तेव्हा जनार्दनरावांनी मुद्द्याला हात घातला. तुम्ही इथंच राहावं, तुमच्या मेंढरांना पूर आधी कळतो, त्यावर आमची सोसायटी अवलंबून आहे.

भागूबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"मेंढराला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "तुमच्या भिंतीनं पानी तुंबतं. त्ये आदी आमच्या वाघरीत शिरतं. मंग आमी मेंढरं वर न्हेतो. भिंत भरली की त्येच पानी तुमच्याकडं येतं. ह्याला तास लागतो."

शैलेशच्या हातात तक्ता होता, तो त्यानं हळूच दुमडला.

"पहिल्या सालाला धा कोकरं गेली माजी," भागूबाई म्हणाल्या. "आमी हितंच ऱ्हायाचं, आमी बुडायचं, म्हंजी तुमाला कळायचं. आसंच न्हवं?"

मला कुठं बघावं ते कळेना. शाल फार वाईट दिसत होती. मी रजनीकडे बघितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मग माझ्या तोंडून निघून गेलं की जाळी मी सुचवली होती. सगळ्यांना ते माहीत होतं, इतिवृत्तात होतं, पण भागूबाईंना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, मंग काढा की. त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

मी बिरूकडून पहार घेतली आणि भिंतीपाशी गेलो. स्टोअर्सच्या माणसानं पहार मोजलेली असते, चालवलेली नसते. पहिला घाव माझ्याच पायाजवळ बसला. बिरूनं पहार काढून घेतली आणि चार घावांत एक जाळी उचकटली. तिच्यात आम्हीच भिंतीपलीकडे टाकलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या, आमच्याच कुंड्यांची माती होती, आणि पुराचा चिखल काढताना पलीकडे फेकलेली जुईलीची एक चप्पल होती. तुंबलेलं पाणी पाइपातून सुटलं आणि गायरानातलं डबकं हलायला लागलं.

पण दोन पाइपांत ओढा मावणार नव्हता. भिंतच पाडायला हवी होती. मला वाटलं, आता जनार्दनराव नियम काढतील. ते भिंतीकडे बघत उभे होते. म्हणाले, "तीस वर्षं मी सरकारी नकाशात ओढे निळ्या शाईनं काढले. दारातला मला दिसला नाही."

मग त्यांनी नकाशा काढला. भिंतीला मधोमध पंधरा फुटांची वाट, तिथून लॉन खणून ओढ्याचं जुनं पात्र, मुलांची घसरगुंडी उचलून वरच्या कोपऱ्यात, गाड्यांखालचं काँक्रीट फोडून मुरूम. भागूबाईंनी खालवर हात करून पाणी पूर्वी कुठून वळायचं ते दाखवलं आणि जनार्दनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून रेघ वाकडी काढली. पाऊस सरताच नकाशाप्रमाणे काम झालं. मेंढरं राहिली. सत्कारामुळे नाही, पाणी उतरलं म्हणून.

पुढच्या जुलैत दोन दिवस पाऊस कोसळला. सवयीनं सगळे बाल्कनीत येऊन मेंढरांकडे बघत होते. मेंढरं जागची हलली नाहीत, निवांत रवंथ करत बसली. शैलेश बेचैन झाला, म्हणाला की अचूकता शून्यावर आली. सोसायटीच्या मधून ओढा तांबडा लाल होऊन धो धो वाहत होता. पाणी दाराशी आलं होतं, मी म्हणालो होतो तसं, आणि पहिल्या पायरीच्या दोन हात अलीकडून वळून खाली जात होतं.

पाऊस थांबल्यावर शेळ्या ओढ्याच्या वाटेनं आल्या आणि मोगरा खाऊन गेल्या. जनार्दनरावांनी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

रजनी मला म्हणाली, "जरा हात लावा." आम्ही सोफा उचलला. तिनं एकेका पायाखालच्या विटा काढल्या, सोळाच्या सोळा घमेल्यात भरल्या आणि भागूबाईंना चुलीसाठी देऊन आली. मग येऊन सोफ्यावर बसली, आणि तिचे पाय जमिनीला लागले.